गवतावर टाकलेला चरगा

तुम्ही विमानानं प्रवास केला असेल तर मला एक सांगा. धावपट्टीच्या दोन्ही अंगांना जे गवत असतं, ते किती उंच होतं? खिडकीशी बसून तुम्ही ढगांचे फोटो काढले असतील, पंखाचा काढला असेल. गवत पाहिलंत का?

मी विमानात कधी बसलेली नाही. पण त्या गवताबद्दल मी तुम्हाला तासभर सांगू शकते. ते फार आखूड कापलं तर मातीतले किडे उघडे पडतात आणि मैना, टिटव्या, बगळे उतरतात. फार वाढू दिलं तर त्यात उंदीर घर करतात आणि उंदरांमागे घारी येतात. दोन्हींच्या मधे एक उंची असते. ती राखण्यासाठी माणसं नेमलेली असतात. पाखरू आलंच तर ते उठवायलाही माणसं असतात, आणि उठवलेलं पाखरू नेमकं विमानाच्या वाटेत जाऊ नये याचा हिशोब त्यांना डोळ्यानं करावा लागतो. त्या माणसांपैकी एक माझा मामा. आईचा सख्खा भाऊ, कर्नाटकातल्या हुमनाबादजवळच्या निर्ण्याचा.

विमानतळाचं नाव मी लिहीत नाही. मोठं आहे, परदेशची विमानं तिथं उतरतात आणि आमच्या भागातून रात्रीच्या बसनं निघालं की सकाळी पोचता येतं, एवढं पुरे.

मामाला ही नोकरी लागली तेव्हा मला आनंद झाला नव्हता. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, हुमनाबादच्या बस स्टँडवर, हायवेच्या ढाब्यांवर, कारखान्यांच्या गेटांवर कामगारांच्या हक्कांची पत्रकं वाटायचे, आणि उरलेले गठ्ठे घरी यायचे. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी गणितं केली. आईनं त्यात भाकरी गुंडाळून दिली. मराठी मी पाठ्यपुस्तकाच्या आधी पत्रकांतून शिकले, त्यामुळे शाळेतले माझे निबंधसुद्धा 'जागे व्हा!' म्हणून संपायचे. आमच्या गायीवरचाही. कॉलेजात गेल्यावर मी स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं, 'विमानतळ कुणासाठी?' उत्तर मला आधीच ठाऊक होतं, म्हणून कुणाला विचारायची गरज पडली नव्हती. मामानं ते पत्रक पूर्ण वाचलं, नीट घडी घातली आणि खिशात ठेवलं.

"जपून ठिवतो पोरी," तो म्हणाला. "गेटवर विचारलेच तर दाखवतो, की बगा, आमच्या घरात तुमच्याबद्दल काय बोलायलेत."

नोकरी लागली ती पण गमतीनं. कंत्राटदाराचा एक माणूस हुमनाबादला आला होता. त्याला दिवसभर उघड्यावर उभं राहू शकणारी माणसं हवी होती. रांगेत मामाची पाळी आली तेव्हा त्यानं विचारलं, "पाखरं ओळखू येतात का?"

मामा म्हणाला, "कसली? बसलेली का उडायलेली?"

त्यानं लगेच नाव लिहून घेतलं.

आमची घरं मूळची मेंढरांची. आता मेंढरं नाहीत, थोडी जमीन आहे आणि बाकी रोजगार. पण मामाची नजर मेंढक्याचीच राहिली. लांबवर काहीतरी हललं की तो बोलता बोलता थांबतो. ज्वारी हुरड्यात आली की मचाणावर बसून गोफण फिरवायचं काम गावात त्याच्याइतकं कुणाला जमत नसे. दगड पाखराला लागत नसे. तो मुद्दाम लागू देत नसे.

तो सुट्टीवर आला की मी वही घेऊन बसायची. खरं सांगायचं तर वही मी पुढच्या पत्रकासाठी काढली होती. मला अन्याय टिपायचा होता. पण मामा सांगायला लागला की मी अन्याय विसरून गवतात शिरायची.

"पाखरं मारता का तुम्ही?" मी विचारलं.

"न्हाई. मारून काय व्हतंय? एक मारलं तर त्याच्या जागी चार येतेत. त्याला हितं करमू द्यायचं न्हाई, बस."

"मग करता काय?"

"गॅसची तोफ हाय. नुसता आवाज करते. पण पाखरं लई बेरकी. दोन दिवसांत त्यांना कळतंय, हे म्हातारं नुसतं खाकरायलंय. मग आम्ही तोफ उचलून दुसरीकडं ठिवतो."

"आणि?"

"आन काय, गाडी हाय, भोंगा हाय. उजेडाची बॅटरी हाय. नाले साफ करायचे, पाणी साचू द्यायचं न्हाई. पाणी साचलं की बेडूक, बेडूक आला की बगळा. तुझ्या पत्रकात लिहितीस न्हाईस का, एकाला एक जोडून हाय म्हणून? तसंच."

दिवसातून कितीतरी वेळा धावपट्टी तपासतात, हे मला त्याच्याकडून कळलं. आणि कधीकधी माणसांची एक आडवी रांग करून, खाली बघत, सावकाश चालवतात. आमच्याकडे भुईमुगाच्या काढणीनंतर बायका सरवा वेचतात, अगदी तसं. सापडतं काय? एखादा नट. पिशवीचं तुटलेलं चाक. कुलपाचा तुकडा. खडा. इंजिन हवा ओढतं तेव्हा हवेबरोबर खडाही ओढतं, म्हणून खड्यालासुद्धा तिथं पत्ता विचारतात.

आणि वायरलेसची शिस्त. समोरच्यानं सांगितलेलं आपण जसंच्या तसं परत म्हणायचं, म्हणजे ऐकण्यात चूक झाली असेल तर तिथंच कळते. मामानं हे घरी आणलं. मामी चुलीपुढून ओरडायची, "अहो, येताना मीठ आणा." हा दारातून, "मीठ आणतो. मीठ." मामी कपाळाला हात लावायची. "तितं काय शिकवायलेत का काय येड लावायलेत?" पण त्या वर्षी पहिल्यांदा मामा दुकानातून नेमकं सांगितलेलं घेऊन यायला लागला, हेही मामीनंच मला हळूच सांगितलं.

आता येळवस. लातूर-उस्मानाबादकडच्या लोकांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगते. हिवाळ्यात मार्गशीर्ष सरताना जी अमावस्या येते, त्या दिवशी आमच्या भागातलं प्रत्येक घर रानात जातं. भज्जी म्हणजे शेंगा-भाज्यांची घट्ट मिसळभाजी, आंबील, आणि ज्वारी-बाजरीचे वाफवलेले गोळे, ते उंडे. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, करून आत पूजा होते. जेवायच्या आधी घरातला एक माणूस त्या अन्नातलं थोडं घेऊन रानभर फिरतो आणि चारी बाजूंना टाकतो. याला आम्ही चरगा म्हणतो. जी जमीन वर्षभर आपल्याला खाऊ घालते, तिला त्या दिवशी एक घास. गावाबाहेर गेलेला माणूस दिवाळीला येईल न येईल, येळवसला येतो.

त्या वर्षी मामाला सुट्टी मिळाली नाही. मामीनं गावातल्या एकाच्या हातून डबा पाठवला. विमानतळाजवळच्या एका खोलीत मामा आणखी तिघांबरोबर राहायचा, सगळे आमच्याच भागातले, एक जण अफजलपूरकडच्या करजगीचा. दुपारी चौघांनी कामावरच्या आरामाच्या खोलीत बसून भज्जी आणि उंडे खाल्ले. आत, मैदानावर, अन्न न्यायला बंदी असते. डबे त्या खोलीतच ठेवायचे. मामानं डबा तिथंच ठेवला. नियम त्यानं पाळला. फक्त अर्धा उंडा आणि चिमूटभर भज्जी कागदात बांधून त्यानं खिशात टाकली.

जेवणानंतर त्याची पाळी गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरबरोबर होती, कुंपणाच्या आतल्या नाल्याजवळ. धावपट्टी तिथून बरीच लांब. त्यानं इकडंतिकडं बघितलं, पायातलं काढावं असं वाटलं पण तिथं बूट काढता येत नाहीत, म्हणून नुसता उभा राहिला, आणि उंडा कुस्करून चारी बाजूंना टाकला.

नंतर मी त्याला विचारलं होतं, "कामून रे मामा? जमीन काय आपली हाय का ती?"

"कुणाची तरी व्हतीच की. आन दोन वर्षं मी तिच्यावर राबायलोय. तिला कुणी इचारलं न्हाई, जेवलीस का म्हणून."

पहिल्यांदा एक कावळा आला. कावळा आल्यावर मामाला बरं वाटलं, घास पोचला म्हणून. मग मैना आल्या, दोन, सहा, मग मोजता येईनात. मग दोन बगळे. मामानं वर बघितलं. नाल्यावर घार होती, आणि वारा तिला हळूहळू त्या टोकाकडे नेत होता, जिथून विमानं उतरतात. लांब आभाळात एका विमानाचे दिवे दिसत होते.

मैना उठवाव्यात तर त्या घारीबरोबर वर जाणार. न उठवाव्यात तर आणखी जमणार. मामानं वायरलेस उचलून जीपमधल्या इनचार्जला सांगितलं. काय, किती, कुठं, वारा कुठला. इनचार्जनं तेच परत म्हटलं आणि टॉवरला कळवलं. थोड्या वेळानं ते विमान खाली यायचं थांबलं, मोठा आवाज करत पुन्हा वर गेलं आणि एक फेरी मारून नंतर सुखरूप उतरलं. आतल्या माणसांना फार तर पाच-दहा मिनिटं उशीर झाला असेल. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर त्या उशिराचं कारण अर्धा उंडा होता.

भोंगा वाजवून पाखरं उलट्या दिशेला उठवली. मग मामा गुडघ्यांवर बसला आणि गवतातून एक एक कण वेचून पिशवीत भरला. पाखरांच्या नोंदवहीत त्यानं कन्नडमध्ये वेळ लिहिली, पाखरं लिहिली. शेवटच्या रकान्यात 'कारण' असतं. तिथं बहुतेक वेळा 'किडे' किंवा 'पाणी' लिहितात. मामानं लिहिलं, 'अन्न टाकलं. मी.' आणि सही केली.

कंत्राटदाराच्या सुपरवायझरनं ती नोंद वाचली आणि मामाच्या गळ्यातला पास काढून घेतला.

हा पास म्हणजे काय हे मला तोवर नीट कळलं नव्हतं. तो एक प्लास्टिकचा तुकडा. त्यासाठी पोलीस गावात येऊन चौकशी करून जातात, महिने जातात. तो गळ्यात नसेल तर माणूस गेटच्या आत एक पाऊल टाकू शकत नाही. आणि एकदा तो शेऱ्यासह रद्द झाला, की दुसरा कंत्राटदार तर सोडाच, दुसऱ्या गावच्या विमानतळावरही कुणी उभं करत नाही. मामाला ते मैदान आवडायला लागलं होतं. उघडं आभाळ, लांब नजर, पाखरं. त्याच्या लेखी मेंढरं गेल्यानंतर पहिल्यांदा त्याला त्याचं काम परत मिळालं होतं. ते काम आता त्या तुकड्यावर टांगलेलं होतं.

त्याला सांगितलं गेलं, की सुरक्षा विभागाच्या कार्यालयात लेखी जबाब घेऊन ये, स्वतः लिहिता येत नसेल तर सोबत कुणाला आण, मग पासचं ठरेल. तो निर्ण्याला आला तो थेट आमच्याकडे.

मी तयारच होते. त्यानं चहा संपवायच्या आत मी मथळा लिहिला, 'भूमीला घास देणाऱ्याच्या तोंडचा घास हिरावला!' आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवला.

मामानं विचारलं, "खरं हाय का ते?"

"म्हणजे?"

"माझा घास कोण हिरावलंय? मीच पाखरं बोलावलो न्हवं का?"

"अरे पण मामा, आपली रीत…"

"रीत रानात. वर विमानात माणसं व्हती पोरी. लेकरंबाळं असतील. तू त्यांना पत्रकात कुठं बसवायलीस?"

पत्रकात दोनच बाजू असतात, आणि विमानातली माणसं मी लहानपणापासून त्या बाजूला ठेवली होती. मग मी दुसरा मार्ग काढला. तो सांगताना मला आज लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "बरं, मग असं सांगू. डबा कलंडला. वाऱ्यानं उडालं. बघितलंय कोण?"

अप्पा कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते म्हणाले, "ही आपल्या घरातली पोरगी बोलायलीय का?"

मामा मात्र रागावला नाही. त्यानं माझं म्हणणं ट्रॅक्टरचा नट तपासावा तसं उलटसुलट करून बघितलं. "डबा आत नेताच येत न्हाई. बरं, समजा ते मानले. मग उद्या काय करतेल? आरामाच्या खोलीतलेसुद्धा डबे बंद करतेल. माझ्या एका खोट्यापायी शंभर माणसांनी उपाशी राहायचं का? आन पुढच्या येळवसला दुसरा कुणी चरगा टाकंल, त्याला कोण सांगंल, बाबा हे नको करूस म्हणून?"

जबाब आम्ही हिंदीत लिहिला, कारण तिथं तीच चालते. मी लिहायची, मामा वाचून घ्यायचा आणि विशेषणं काढायला लावायचा. 'पवित्र' काढलं. 'गरीब' काढलं. 'पिढ्यान्‌पिढ्या' राहू दे म्हणून मी भांडले, तेही गेलं. शेवटी तो म्हणाला, "अजून एक लिही. नाल्याच्या त्या वाकणावर पाणी साचायलंय. मैना तितं अशाही येतेत."

"आपल्या जबाबात त्यांची चूक कामून?"

"चूक न्हाई ग. माहिती हाय."

आम्ही सकाळच्या सुमाराला पोचलो. कार्यालय मुख्य इमारतीपासून बाजूला, कर्मचाऱ्यांच्या गेटाजवळ होतं आणि भेटीची वेळ व्हायला अवकाश होता. मामा म्हणाला, "बस हितं." मी कसली बसते. जिथपर्यंत बाहेरच्या माणसाला जाता येतं तिथपर्यंत मी सगळं बघून आले. सामानाच्या ढकलगाड्या एकात एक घालून त्यांची आगगाडी करून एक माणूस ती एकटा वळवत होता, आणि वळणावर शेवटची गाडी कुठं जाईल हे तो पहिल्या गाडीशी उभा राहून सांगू शकत होता. मी त्याला कसं जमतं विचारलं. तो म्हणाला, "बैलगाडी हाकली का कधी?" तो बसवकल्याणचा निघाला. बाया काचा पुसत होत्या, आणि काच जितकी स्वच्छ तितकी माणसं तिच्यावर आदळतात म्हणून तिच्यावर ठिपके चिकटवलेले होते. पाखरांसाठी नव्हे, माणसांसाठी. मी वहीत लिहिलं. माझ्या जुन्या पत्रकात या इमारतीत एकच माणूस होता, कोट घातलेला. इथं मला तासाभरात एक कोट दिसला आणि हातमोजे घातलेली माणसं मोजता आली नाहीत.

कुंपणापलीकडे काठीवर नारिंगी-पांढरी लांबट पिशवी फुगलेली होती. "ती कशाला?"

"वारा दाखवायला. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतंय, तोंडावरच उडतंय. वारा फिरला की धावपट्टीचं टोक बदलतेत." मामा पुढं म्हणाला, "खळ्यावर उपणताना वारा बघूनच उभं राहतो न्हवं का आपण, तसंच."

ते बोलताना तो पाससाठी आलेला माणूस वाटत नव्हता. त्यानं सहज गळ्यापाशी हात नेला, तिथं काही नव्हतं, आणि मग त्याचा चेहरा उतरला.

सुरक्षा अधिकारी बाई होत्या, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, तेलुगू वळणाची हिंदी बोलणाऱ्या. टेबलावर काचेची बरणी होती, तिच्यात धावपट्टीवर सापडलेले नट, चाकं, खडे. कंत्राटदाराचा माणूस आधीच येऊन बसला होता. आम्ही बसायच्या आत तो म्हणाला, "मॅडम, आम्ही लगेच कारवाई केली. पास रद्द करायचा अर्ज दिलाय. बदली माणूसही तयार आहे."

बाईंनी त्याला हातानं थांबवलं आणि जबाब वाचायला घेतला. पूर्ण वाचला. मग मामाला विचारलं, "हे तुम्हीच टाकलं?"

मामानं त्याच्या दखनी हिंदीत उत्तर दिलं, "हौ मॅडम. मैंच डाल्या."

"तुम्ही लिहिलं नसतं तर कुणाला कळलं असतं?"

"न्हाई कळलं असतं. पाखरू बसायला काय, कायबी कारण पुरतंय."

"प्रशिक्षणात सांगितलं होतं ना, मैदानावर खाद्यपदार्थ न्यायचे नाहीत?"

"हौ. म्हणून डबा बाहेरच ठिवलो की."

बाई गोंधळल्या. मी तिथं बोलायचं नव्हतं, पण बोलले. मी म्हणाले, "मॅडम, यांच्या लेखी ते खाद्यपदार्थ नव्हतंच. माणूस खातो ते जेवण. जमिनीला देतात तो चरगा. मामा सांगतो, तुमच्या प्रशिक्षणाच्या वर्गातल्या फलकावर वडापाव आणि थंड पेयाच्या बाटलीवर काट मारलेली आहे. अर्ध्या उंड्यावर काट मारलेली नाही. इथं आमच्या भागातली एवढी माणसं कामाला आहेत, त्यांचा सगळ्यात मोठा सण कोणता हे कुणी विचारलं का?"

कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "हे बघा, सणवार आम्ही कुठं कुठं…"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि 'चरगा' हा शब्द मला कसा लिहायचा ते विचारून लिहून घेतला. आणखी कुठले सण आहेत, कशात काय टाकतात, तेही विचारलं. मी भांडायला आले होते आणि समोरची बाई माझ्यासारखीच वही काढून बसली. मग त्या मामाला म्हणाल्या, आणि आवाज मुळीच मऊ नव्हता, "चूक मोठी होती. तुमच्यामुळे एक विमान फिरवावं लागलं. हे समजतं ना?"

"समजतंय."

"परत टाकाल?"

मामा म्हणाला, "टाकीन की. माझ्या रानात. निर्ण्याला. हितं न्हाई."

बाई हसल्या नाहीत, पण पेन थांबलं. मग कंत्राटदाराच्या माणसाकडे वळून त्या म्हणाल्या, "ज्यानं स्वतःहून सांगितलं, त्यालाच तुम्ही काढलंत, तर पुढची चूक मला कोण सांगणार? आणि नाल्याच्या वाकणात पाणी साचतं, हे तुमच्या एका तरी अहवालात का नाही?"

मी तर बघतच राहिले. हे वाक्य माझ्या पत्रकात हवं होतं, आणि ते बोललं होतं त्या बाजूचं माणूस.

पण वाक्यानं पास येत नाही. कागद फिरायला वेळ लागला. मामाला पुन्हा वर्गात बसवलं, परीक्षा घेतली, आणि त्या भेटीनंतर अकराव्या दिवशी पास परत त्याच्या गळ्यात आला. तो आज त्याच मैदानावर आहे. वर्गातल्या फलकाशेजारी आता आणखी एक कागद लागलाय, मराठीत आणि कन्नडमध्ये, येळवसबद्दल. त्याचा मजकूर मामानं सांगितला आणि मी लिहिला. उद्गारचिन्ह नाही.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण पास मिळाला त्या दिवशी मी मामाच्या खोलीवर गेले होते. चौघंही होते. मी मोठ्या उत्साहात म्हणाले, "बघितलंत? खरं सांगितलं की मार्ग निघतो."

करजगीचा अण्णा भाकरी मोडत म्हणाला, "व्हय अक्का, निघतोय. पण आम्ही अकरा दिवस बगितलो की हे माणूस कसं व्हतं ते. हे भिंतीकडं तोंड करून झोपायचं. मॅडम चांगली हाय. पण मॅडमपर्यंत जायच्या आधी गळ्यातलं गेलं न्हवं का?"

दुसरा म्हणाला, "त्याच्यानंतर माझ्याकडून ट्रॅक्टरची एक पट्टी मैदानावर पडली होती. सापडली मला. टाकलो खिशात."

"सांगितलंस का कुणाला?" मामानं विचारलं.

तो नुसता हसला. "गप खा."

मामानं ताट बाजूला सारलं. त्याच्या खरं बोलण्यानं त्याचा पास वाचला होता, पण आधी तो हिसकावून घेतला गेला होता, आणि शेजारच्या तिघांनी त्यातलं हिसकावणंच लक्षात ठेवलं होतं. त्या अकरा दिवसांनी त्यांना गप्प राहायला शिकवलं होतं. त्या गप्प राहण्यावर उद्या एक विमान उतरणार होतं, परवा दुसरं.

म्हणून हे लिहिलं. हे माझं पत्रकच समजा, थोडं लांब झालेलं. तुमच्या हाताखाली माणसं काम करत असतील. विमानतळ नसेल, पिठाची गिरणी असेल, दवाखाना असेल, शाळा असेल, चार माणसांचं दुकान असेल. कधीतरी त्यातलं एक जण तुमच्यासमोर उभं राहील आणि म्हणेल, 'मीच केलं.' तेव्हा त्याच्या हातातलं काम, गळ्यातला पास, खिशातली किल्ली, काहीही काढून घेऊ नका. आधी त्याचं बोलणं संपू द्या. आणि हे असंच होईल, असं तुमच्या माणसांना उद्या कामावर गेल्या गेल्या, कुणाचीही चूक व्हायच्या आधी, स्वतःच्या तोंडानं सांगा.